उणं मीठ

रात्रपाळी सुटते सहाला.
साडेसातला अल-खूदच्या बसथांब्यावर
मी तोंडावर बाटलीभर पाणी मारतो,
आमच्याच प्लांटचं पाणी, कालपर्यंत समुद्र असलेलं,
आणि वर्गात तिसऱ्या रांगेत जाऊन बसतो.
पहिल्या दिवशी पोरं उठून उभी राहिली होती.
त्यांना वाटलं, सर आले.

वय एकेचाळीस. एम.एस्सी., उपयोजित गणित.
अर्जात कारण विचारलं होतं.
मी लिहिलं, नोकरीत उपयोग होईल.
खरं म्हणजे चौदा वर्षं
मी एका पाइपाच्या तोंडाशी उभा आहे.
गोडं पाणी मस्कतकडे जातं,
उरलेलं, दुप्पट खारं, परत समुद्रात,
आणि पुढे त्याचं काय होतं
हे विचारायला माझ्याकडे भाषा नव्हती.

डॉ. रय्या म्हणाल्या, हाच तुझा प्रबंध.
फळ्यावर एकच समीकरण लिहिलं,
वाहणं अधिक पसरणं,
आणि हाताचा खडू झटकत म्हणाल्या,
आता किनारा कुठे संपतो, ते तू ठरव.

ते ठरवण्यात दोन महिने गेले.

बुशरा माझ्या शेजारी बसते. बावीस वर्षांची,
थर्मासमध्ये वेलदोड्याचा कहवा.
ती मला मॅट्रिक्स समजावते, मी तिला व्हॉल्व्ह.
एकदा मी तोंडातल्या तोंडात हिशेब करताना तिनं ऐकलं.
सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच.
म्हणाली, तुमच्याकडे
अर्ध्यामुर्ध्या आकड्यांनाही नावं ठेवलीत?
म्हटलं, हो, आमचं बरंचसं तसंच असतं.

फेब्रुवारीत प्रोग्राम पहिल्यांदा चालला.
पाइपापासून चारशे मीटरवर
मिठाचं प्रमाण आलं उणे शून्य पूर्णांक तीन.
मी तीनदा तपासलं. उणंच.
डॉ. रय्या हसल्या. पावलं मोठी टाकतोयस.
वेळेचं पाऊल निम्मं कर,
मग त्याच्याही निम्मं.

रात्री प्लांटवरून बाबांना फोन लावला.
उरणला त्यांच्या आगरावर आता कंटेनर रचून ठेवतात,
पण ते अजून भरती-ओहोटीच्या वेळा धरून जेवतात.
विचारलं, बाबा, उणं मीठ म्हणजे काय असेल?
टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.
मग म्हणाले, "उधारीचा.
खाल्लेला, पन अजून फेरला नाय."

फोन ठेवल्यावर आठवले त्यांचे पाय.
वाफ्याचा तळ मळताना
टाच, चवडा, टाच,
अख्खी सकाळ एका वाफ्यात,
आणि मी बांधावर दप्तर घेऊन, शाळेला उशीर.
लांब पाऊल टाकलं की भेग राहते, म्हणायचे,
नि भेगेतून वर्षाचं मीठ जातं.

मी पाऊल पाच सेकंदांचं केलं.
लॅपटॉप दोन रात्री तापत राहिला, खाटेवर,
उशीखाली पंख्याची घरघर दाबून,
कारण खोलीतल्या सेल्वाला पहाटे ड्यूटी.
तिसऱ्या दिवशी समुद्र नीट झाला.
कुठेच उणं नाही.
खारं पाणी तळाशी, शिळ्या वरणासारखं, हळू सरकतं
आणि भरती उलटली की
त्यातलं थोडं वळून
येतं आमच्याच शोषपाइपाच्या तोंडाशी.
आम्ही ते पुन्हा ओढतो, पुन्हा गाळतो,
पुन्हा टाकतो.

शिफ्ट इंजिनिअरला अजून सांगितलेलं नाही.
पाइप अर्धा किलोमीटर पुढे न्यायचा
तर खर्च केवढा, तेही मला ठाऊक आहे.
ज्याचं मीठ खातो त्याला जागायचं,
इथवर ठीक.
पण कुणाचं खातोय मी?
कंपनीचं, की या पाण्याचं,
की त्या वाफ्याचं, ज्याच्यावर आता क्रेन फिरते?
याला सीमा-अटी लागत नाहीत.

आज बुशरानं स्क्रीनकडे बघत विचारलं,
किती परत येतं, टक्क्यांत?
मी कहव्याचा घोट घेतला
आणि चुकून मराठीतच म्हणालो,
सव्वा.
तिनं मान हलवली,
आणि वहीत लिहिलं
एक पूर्णांक पंचवीस.